गंगेवर जायचंय: नाशिकच्या गोदेची मजा नेमकी कशी घ्यायची?

तिवंधा

नमस्कार मंडळी,

माझं बालपण जुन्या नाशकात गेलं. गेली बावीस वर्षं पुण्यात आहे. दिवाळीनंतर आठ दिवस नाशकात असणार आहोत. सोबत बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि वडील. वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, दोन्ही गुडघे कुरकुरतात. पण तिकीट काढल्यापासून रोज एकच वाक्य चालू आहे: "पोचलो की आधी गंगेवर."

मुलीने विचारलं, "आजोबा, गंगा तर काशीला आहे ना?" वडील असे बघत राहिले की जणू तिने आडनाव बदलून घेतलंय.

आम्ही लहानपणी गंगेवर जायचो तेव्हा 'काय करायला?' हा प्रश्नच नव्हता. उताराने सराफबाजारात उतरायचं की गंगा. आता मला आठ दिवसांचा बेत आखायचाय. गाडीच्या खिडकीतून दाखवून परत नेलं असं नको. बायकोचं म्हणणं, नदी घाण आहे, लांबूनच नमस्कार करा. त्यामुळे जाणकारांनी सांगावं: कुठे, किती वाजता, कसं? देवदर्शनाची यादी नको, ती वडिलांना पाठ आहे.

---

भेळभत्ता

सगळ्यात आधी वेळ. सकाळी सहा ते साडेसात. त्यानंतर रामकुंडावर बाहेरगावच्या बसेस रिकाम्या व्हायला लागतात, विधीवाले, फुलवाले, फोटोवाले सगळे एकदम जागे होतात. रविवार आणि अमावस्या टाळा. बुधवारी घाटावर आठवडे बाजार भरतो. मला विचाराल तर बुधवार मुद्दाम गाठा. नदीच्या पटांगणात मेथीच्या जुड्या, कांद्याचे ढीग, सुकी मासळी, विळे-कोयते, सुतळ्या. मुलीला मॉलपेक्षा जास्त आवडेल, पैजेवर सांगतो.

आणि संध्याकाळी भेळभत्ता. आयडी उगाच नाही घेतलेला. पुण्याची ओली भेळ डोक्यातून काढून टाका. हा कोरडा प्रकार. चुरमुरे, शेव, फरसाण, वर बारीक कांदा-टोमॅटो आणि तळून मीठ लावलेली हिरवी मिरची. कागदावर घ्यायचा, काठावर बसायचं, चमचा मागायचा नाही. मिरचीचा पहिला घास कडेचा घ्यावा, देठाकडचा शेवटी. देठाकडे बिया जास्त असतात. हे ज्ञान मला अनुभवातून मिळालेलं आहे.

---

नंदिनीकाठ

मी नाशकातच राहतो, नासर्डीच्या काठी. म्हणजे आता तिला नंदिनी म्हणायचं. नाव सुधारलं, पाणी नाही.

धाग्याचं नाव वाचून हसू आलं. मजा? वाघाडी आणि नासर्डी या नद्यांतून गोदेत काय वाहत येतं ते एकदा बघून या, मग मजा करा. उन्हाळ्यात पाणवेलींचा गालिचा असतो, टाकळीच्या पुढे गेलं की कधी कधी फेस तरंगताना दिसतो. तुमच्या सौभाग्यवती बरोबर बोलतायत. मुलीला पाण्यात उतरवू नका. चूळ भरणं वगैरे तर अजिबात नाही.

---

भेळभत्ता

@नंदिनीकाठ, पाण्यात उतरा असं कोणी म्हटलं? काठावर बसायला पाणी पिण्यालायक असायची अट नाही.

---

नंदिनीकाठ

हेच तर. काठावर बसून भत्ता खायचा आणि कागद तिथेच टाकायचा. तुमच्या भत्त्याचे कागद मी दर महिन्याला गोळा करतो, म्हणून बोलतोय.

---

अण्णा_जुनेनाशिक

भांडू नका रे. दोघांचंही खरं आहे.

तिवंधा, तुझ्या वडिलांचं आणि माझं वय साधारण एकच दिसतंय. मी त्यांच्या बाजूने लिहितो. आमच्या वेळी पोहायला शिकणं म्हणजे पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि कोणीतरी मागून ढकलायचं. पोहणं आलं की डबा सुटायचा, डबा सुटला की मुटके सुरू. आईला कळू नये म्हणून केस वाळवून घरी जायचं. पण ती हातावर नखाने ओरखडा काढून बघायची. पांढरी रेघ उठली की मार ठरलेला.

आता मुद्द्याचं. नदीची मजा घ्यायची तर ती वाचता आली पाहिजे. नाशिककराला ते आपोआप येतं, कारण आमची मोजपट्टी घाटावरच उभी आहे. दुतोंड्या मारुती. पाणी मारुतीच्या पायाला लागलं की आम्ही म्हणायचो, पाऊस बरा झालेला दिसतो. गुडघ्यापर्यंत आलं की पोरं बघायला पळायची. कमरेला आलं की भांडीबाजारात, सराफात दुकानदार माल वरच्या फळीवर चढवायला लागायचे, आजही लागतात. गळ्याशी आलं की मोठी माणसं गप्प व्हायची. त्याच्या वरची पट्टी म्हणजे नारोशंकराच्या देवळाची घंटा. वसईच्या विजयानंतर पोर्तुगीजांकडून आणलेली, तिच्यावर १७२१ साल कोरलेलं आहे. देऊळ नंतरचं, १७४७ चं. घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर. १९६९ च्या सप्टेंबरातला पूर मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्यानंतर २००८, २०१६, २०१९ हे पूर आले. प्रत्येक वेळी माझा पुण्याचा मुलगा फोनवर विचारतो, "अण्णा, किती क्युसेक?" मी सांगतो, मारुतीच्या छातीपर्यंत. त्याला त्यातून काही कळत नाही, मला त्याच्या क्युसेकमधून कळत नाही.

वडिलांना घाटावर नेशील तेव्हा मारुतीपाशी ने. नातीला सांगू दे त्यांना, कुठवर पाणी पाहिलंय ते. मधे बोलू नकोस.

---

कोरडाठाक

क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. होळकर पुलापाशी किती क्युसेक पाणी वाहतंय ते पावसाळ्यात रोज बातम्यांत येतं, गंगापूर धरणातून किती सोडलंय तेही. दोन्ही आकडे एकत्र बघायचे. पुलापाशी जास्त आणि धरणातून कमी असेल तर मधल्या नाल्यांचं आणि शहराचं पाणी. एवढं कळलं की पूर बघायला जाण्यातही डोकं लागतं.

दिवाळीनंतर पूर नसतो, पण आवर्तन असू शकतं. जायकवाडीसाठी किंवा शेतीसाठी वरून पाणी सोडलं की रामकुंड, गांधी तलाव एकदम भरून वाहतात आणि दोन-तीन दिवस पाणी वाहतं दिसतं. बघायला सुंदर. पण तेव्हा मुलीचा हात सोडू नका, पाणी बघता बघता पायऱ्या चढतं.

---

माहेरपंचवटी

माझं माहेर पंचवटीत, सासर जुन्या नाशकात. मधे नदी. लग्न ठरलं तेव्हा आजी म्हणाली होती, "रामसुद्धा नदी ओलांडत नाही, तू ओलांडतेयस."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चैत्रात कामदा एकादशीला काळारामाच्या देवळातून दोन रथ निघतात. गरुडरथ नदी ओलांडून जुन्या नाशकात फिरून येतो. रामरथ ओलांडत नाही, तो पंचवटीच्या बाजूला गौरी पटांगणावर थांबतो. पुढे दोन्ही रामकुंडावर जातात. रथासमोर मानकरी बुवा चालतात, ते रथाकडे तोंड करून, म्हणजे उलटे. लहानपणी मी श्वास रोखून बघायचे, आता पडतील, मग पडतील. एकदाही पडले नाहीत.

तिवंधा, तुम्ही दिवाळीत येताय म्हणजे रथ हुकला. पण त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत थांबता आलं तर बघा. घाटाच्या पायऱ्यांवर पणत्या लागतात. त्या दिवशी पाण्यात काय आहे हे दिसत नाही, फक्त दिवे दिसतात. (नंदिनीकाठ, रागावू नका. द्रोण पाण्यात सोडायचे नाहीत, हे मी माझ्या जावेलाही सांगते.)

आणि मे महिन्यात कधी आलात तर वसंत व्याख्यानमाला. शंभरी ओलांडली तिने. देवमामलेदार यशवंतराव महाराज पटांगणावर, उघड्यावर, नदीच्या वाऱ्यात. विषय कंटाळवाणा असला तरी मी जाते. पंख्याखाली बसण्यापेक्षा बरं. एकदा एका अर्थतज्ज्ञाचं पूर्ण भाषण मी समोरच्या देवळाच्या कळसावर बसलेल्या घारीकडे बघत ऐकलं. दोघंही छान होते.

---

घाटपांडे_नव्हे

मला एक बाळबोध प्रश्न आहे. गोदावरीला गंगा का म्हणतात? उगाच मोठेपणा?

---

अण्णा_जुनेनाशिक

गौतम ऋषींनी ब्रह्मगिरीवर गंगा आणली अशी कथा, म्हणून गौतमी, म्हणून दक्षिणगंगा. कथा बाजूला ठेव. नाशकात 'गोदावरी' हा शब्द बातमीत आणि शाळेच्या पुस्तकात. घरात गंगा. "भाजी गंगेवरून आण." "पोरगं गंगेवर गेलंय." मोठेपणा कसला त्यात, शेजारणीचं नाव घ्यावं तसं आहे ते.

---

खंड्या

पक्ष्यांवर कोणीच बोललं नाही म्हणून.

शहरातच सुरुवात करा. सोमेश्वर ते आनंदवल्ली या पट्ट्यात सकाळी काठाने चाललात तरी खंड्या, ढोकरी, पाणकावळे, धोबी सहज दिसतात. धोबी हिवाळ्यात येतो, शेपटी सतत खाली-वर. मुलीला ओळखायला सगळ्यात सोपा. सोमेश्वरचा धबधबा दिवाळीनंतर बारीक होतो, गर्दीही कमी. मात्र खाली उतरायच्या पायऱ्या आजोबांसाठी नाहीत. त्यांना वर देवळाच्या आवारात झाडाखाली बसवा.

एक पूर्ण दिवस असेल तर नांदूरमध्यमेश्वर. निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा मिळतात तिथे. बंधाऱ्यामुळे गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या, पक्षी आले. म्हणजे आपण बांधलेल्या भिंतीचा हा अनपेक्षित फायदा. रामसरच्या, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत, स्थानिक गाईड मिळतात, दुर्बीण त्यांच्याकडे असते. गाईड घ्याच. मी पहिल्या वेळी आगाऊपणा करून एकटा गेलो आणि तीन तास वारकऱ्यांनाच काहीतरी दुर्मीळ बदक समजून फोटो काढत बसलो. वारकरी म्हणजे काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला. नाव किती नेमकं आहे बघा.

नोव्हेंबरात पाहुणे यायला लागतात, डिसेंबर-जानेवारीत भर. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक. वर्षभर राहणारे: जांभळी पाणकोंबडी, शेकाट्या, चमचा. जांभळी पाणकोंबडी एका पायाने देठ धरून खाते, ऊस सोलून खाल्ल्यासारखी. आजोबांना चालावं लागत नाही फारसं.

तिथल्या एका गावाचं नाव खानगाव थडी. थडी म्हणजे काठ. 'पैलथडी' फक्त कवितेत राहिली असं वाटायचं, इथे एसटीच्या पाटीवर दिसली.

---

नंदिनीकाठ

खंड्या, चांगलं लिहिलंत. फक्त एक भर. नांदूरमध्यमेश्वरला जे पाणी जातं ते आमच्या शहरातून गेलेलं असतं. तुमचे चक्रवाक ते पितात. एवढंच.

---

खंड्या

माहीत आहे. म्हणूनच दर वर्षी पक्षी मोजायला जातो.

---

कोरडाठाक

@तिवंधा, गुडघ्यांच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नाही. रामकुंडाच्या पायऱ्यांच्या नादी लागू नका. पटांगणांपर्यंत गाडी खाली उतरते, तिथून पाण्यापर्यंत जवळपास सपाट आहे. सकाळी लवकर गेलात तर अगदी जवळ उभी करता येते. नऊनंतर तिथे कोण पावती फाडतो आणि कशाची, हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. एक घडीची खुर्ची डिकीत टाका. लाजू नका, मी आईसाठी नेतो. पहिल्या दिवशी लोक बघतात, तिसऱ्या दिवशी तिची जागा राखून ठेवतात.

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला बोट क्लब आहे. मुलीसाठी ठीक. धरण मातीचं आहे, १९६५ चं, संध्याकाळी तिकडचा प्रकाश छान असतो. पण तुमचे वडील तिथे जाऊन "ही कुठली गंगा?" म्हणतील, असा माझा अंदाज.

आणि सिंहस्थाची कामं बघून जा. २०२६ च्या ऑक्टोबरअखेर ध्वजारोहण, २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मुख्य स्नानं. घाटावर कधी कुठे खणलेलं असेल सांगता येत नाही. आदल्या दिवशी कोणालातरी फोन करून विचारा.

---

माहेरपंचवटी

खुर्चीची कल्पना उत्तम. आणि तिवंधा, बायकोला जबरदस्ती करू नका. तिला बुधवारच्या बाजारात सोडा, नदी आपोआप बाजूला असेल.

---

तिवंधा

मंडळी, जाऊन आलो. वृत्तांत लिहायचं कबूल केलं नव्हतं, तरी लिहितो.

पहिल्या सकाळी सहा वाजता पटांगणात पोचलो. वडील गाडीतून उतरले आणि खुर्चीकडे बघितलंही नाही. काठी टेकत थेट मारुतीकडे. अण्णा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी गप्प. मुलीने विचारलं, "आजोबा, पाणी कुठपर्यंत आलं होतं?" त्यांनी काठी उचलून मारुतीच्या दंडाशी धरली. मग थोडी वर नेली. मग काठी खाली घेऊन नारोशंकराच्या घंटेकडे रोखली. मुलीने स्वतःची उंची मारुतीशी मोजली, ती मांडीपाशी संपली. म्हणाली, "म्हणजे मी पूर्णच बुडले असते." वडील म्हणाले, "तू काय, भांडीबाजार बुडाला होता."

मग त्यांना पायऱ्या मोजायच्या होत्या. त्यांच्या आठवणीतला एक दगड होता. त्याच्या कोपऱ्यात कपडे धुऊन धुऊन वाटीसारखा खळगा झालेला, त्यांची आई तिथे साबण ठेवायची. तो काही सापडला नाही. तिथे आता सगळं काँक्रीट आहे. पूर्वी कुंडांच्या तळाशी झरे होते, उन्हाळ्यात नदी आटली तरी कुंडात पाणी असायचं, असं ते म्हणाले. काँक्रीट काढायचं काम काही भागात झालंय हे मी सांगितलं. म्हणाले, "मग दगड खालीच असेल." एवढं बोलून खुर्चीत बसले ते साडेआठपर्यंत.

नंदिनीकाठ, मुलगी पाण्यात उतरली नाही. पण वडिलांनी मी बघत नाही असं बघून ओंजळभर पाणी डोक्याला लावलं. मी बघितलं. काही बोललो नाही. घरी गेल्यावर बायकोने साबण पुढे केला, तिलाही दिसलं होतं.

बुधवारी बायको बाजारात दोन तास होती. विळी आणली. पुण्यात विळी मिळत नाही का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. जाता जाता म्हणाली, "शुक्रवारी परत जाऊ का सकाळी?" मी कारण विचारलं नाही.

नांदूरमध्यमेश्वरला गाईड घेतला. चक्रवाक आले होते, थोडेच, लांब, तांबूस ठिपके नुसते. पण मुलीला आवडला तो वारकरी. दिवसभर "टिळा लावलेला, टिळा लावलेला" चालू होतं. वडिलांनी दुर्बिणीतून पाणी बघितलं, पक्षी नाही. पाणी कुठून येतंय, कुठे जातंय. गाईडने सांगितलं, पुढे जायकवाडी. म्हणाले, "म्हणजे पैठण. नाथांकडे." आणि दुर्बीण नातीला दिली.

बोट क्लबबद्दल कोरडाठाक यांचा अंदाज शब्दशः खरा ठरला.

त्रिपुरीपर्यंत थांबता आलं नाही. सुट्टी संपली. निघायच्या दिवशी पहाटे साडेपाचला उठलो तर वडील चपला घालून ओट्यावर. गाडी पुण्याकडे काढली आणि आधी पटांगणात उतरवली. दहा मिनिटं. भत्त्याच्या गाड्या अर्थात बंद होत्या. आदल्या संध्याकाळचा कागद मात्र एक होता, तो मुलीने उचलून गाडीतल्या पिशवीत टाकला. नंदिनीकाठ काकांसाठी, म्हणाली.

---

नंदिनीकाठ

काका काय. पस्तीस वर्षांचा आहे मी.

पण तिला थँक्यू सांगा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही असतो घाटावर. पुढच्या खेपेला रविवार धरून या. खुर्ची आणा, आजोबांना बसवून ठेवू, काम आम्ही करू.

---

भेळभत्ता

सगळं लिहिलंत, भत्ता खाल्ला की नाही ते नाही लिहिलंत.

---

तिवंधा

खाल्ला. मिरची वडिलांनी सांभाळून कडेने सुरू केली आणि देठाचा तुकडा मला दिला. दात नाहीत म्हणाले. दात आहेत.